आपल्या घराचा वास

आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. तो पाहुण्याला येतो. उंबऱ्याशी चपला काढता काढताच त्याला कळते, की या घरात काल मासे तळले होते, की आतल्या खोलीत दमट गाद्या रचलेल्या आहेत, की देवघरात रोज चंदनाचे खोड उगाळले जाते. घरातल्या माणसांना विचाराल तर ती म्हणतील, "छे! आमच्या घराला कसला आलाय वास?" ती खोटे बोलत नसतात. नाकाचा धर्मच तसा आहे. जो गंध सतत भोवती दरवळतो, तो काही मिनिटांतच नाकाला जाणवेनासा होतो. निसर्गाने ही सोय शहाणपणाने केली असेल. पण तिच्यामुळे जगातल्या प्रत्येक नाकाला एक गंध कायमचा अनोळखी राहिला आहे. तो म्हणजे त्याच्या स्वतःच्या घराचा.

दिवाळीच्या दिवसांत सगळ्यांचीच नाके जागी होतात. उटण्यातला नागरमोथा आणि कचोरा, सुगंधी तेल, तळणीचा घमघमाट, पाहुण्यांसाठी बाहेर काढलेली अत्तरदाणी! अशा दिवसांत एक प्रश्न मनात घोळू लागतो. जो स्वतः अत्तरे बनवतो, त्याने दुसऱ्याच्या अत्तराचे परीक्षण करावे का? केले, तर आपण त्याच्यावर विश्वास ठेवावा का?

प्रश्न अत्तराच्या कुपीएवढा लहान वाटेल, पण कुपीची किंमत आता लहान राहिलेली नाही. विदेशी सुगंधाच्या एका बाटलीला कित्येक हजार रुपये पडतात, आणि पुष्कळ माणसे ती न हुंगताच, कुणीतरी लिहिलेले वाचून घरबसल्या मागवतात. म्हणजे ज्याचे नाक आपण कधी पाहिले नाही, त्याच्या नाकाच्या भरवशावर आपण दिवाळीच्या बोनसचा एक तुकडा खर्च करतो. पलीकडच्या बाजूला एखादा लहान अत्तरवाला असतो. त्याच्या वर्षभराच्या मेहनतीला कुणी प्रतिष्ठिताने दोन ओळींत नाक मुरडले, की त्याचा माल पडून राहतो. दोघांचेही नुकसान खरे असते.

आधी अत्तरवाल्याची बाजू मांडली पाहिजे, कारण ती भक्कम आहे. कान सोनारानेच टोचावेत, असे आपण म्हणतो. सुगंधाच्या बाबतीत तर हे फारच खरे. मुरलेला सुगंधकार शेकडो द्रव्ये नुसत्या वासावरून ओळखतो. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून तो हुंगतो आणि पहिल्या क्षणी उडून जाणारे लिंबू-संत्र्याचे चटपटीत बोल तो हिशेबात धरत नाही. थोड्या वेळाने फुले उमलतात, आणि कित्येक तासांनी चंदन, ऊद, कस्तुरीसारखी जड द्रव्ये तळाशी उरतात. तिथवर तो थांबतो. गिऱ्हाईक मात्र दुकानात पहिल्या मिनिटाला भुलते आणि पाकीट उघडते.

शिवाय त्याला आतल्या गोष्टी ठाऊक असतात. कनौजची जुनी रीत घ्या. तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात, खाली मंद जाळ लावतात, आणि बांबूच्या नळीवाटे वाफ पाण्यात बुडवलेल्या भपक्यात नेतात. त्या भपक्यात चंदनाचे तेल असते. फुलांचा गंध त्या तेलाच्या आश्रयाने राहतो. पण चंदन भयंकर महागले आणि पुष्कळ ठिकाणी त्याची जागा पॅराफिनच्या तेलाने घेतली. गुलाबाचे म्हणावे, तर एक किलो गुलाबतेलासाठी तीन-चार हजार किलो फुले लागतात. स्वस्तात मिळणारा गुलाब गुलाबाचा कसा असेल? हे सारे तुम्हां-आम्हांला मनगटावरच्या थेंबावरून कळणार नाही. सुगंधाची कृती हे धंद्याचे गुपित, त्यामुळे बाटलीवरही ती छापलेली नसते. कळणार ते हाडाच्या अत्तरवाल्यालाच. त्याला परीक्षेतून घालवले, तर उरतील ते आमच्यासारखे केवळ शिंकणारे!

पण नेमका इथेच गुंता सुरू होतो.

समजा, असा एक अत्तरवाला लिहितो, की अमक्याच्या मोगऱ्यात चंदन नाही, पॅराफिन आहे. विधान अगदी खरे आहे. पण त्याचा स्वतःचा मोगराही बाजारात आहे. आता हे वाक्य म्हणजे सत्य की जाहिरात? ते एकाच वेळी दोन्ही आहे. हितसंबंध माणसाला खोटे बोलायला लावतो, अशी आपली भाबडी समजूत असते. खोटे बोलणारे थोडे, आणि ते लवकर पकडले जातात. हितसंबंधाचे खरे काम त्याहून सूक्ष्म आहे. कोणते सत्य बोलायचे आणि कोणते गिळायचे, हे तो ठरवतो. प्रतिस्पर्ध्याच्या मोगऱ्यातले पॅराफिन दिसते. मित्राच्या केवड्यातले तेच पॅराफिन 'काळाची गरज' ठरते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, ही म्हण काही लबाड माणसांसाठी जन्मलेली नाही. ती प्रेमळ आयांसाठी जन्मलेली आहे.

पाश्चात्त्य सुगंधाच्या व्यापारात हा गुंता आणखी वाढतो. बाटलीवर नाव असते एखाद्या प्रसिद्ध वस्त्रगृहाचे. पण आतला सुगंध बहुधा शिजलेला असतो दुसऱ्याच स्वयंपाकघरात. जिवोदाँ, डीएसएम-फर्मेनिश, आयएफएफ, सिमराइज अशा मोजक्या बलाढ्य कंपन्या जगभरच्या निरनिराळ्या नावांसाठी सुगंध रचतात आणि त्यांना लागणारी द्रव्येही विकतात. अशा घरातला सुगंधकार परीक्षण लिहू लागला, तर तो ज्याची स्तुती करतो ते त्याच्या शेजारच्या टेबलावर बनलेले असू शकते, आणि ज्याची निंदा करतो तो उद्याचा त्याचा गिऱ्हाईक असू शकतो. वाचकाला यातले काय दिसते? नुसती सुंदर बाटली.

लुका टुरिन यांचे उदाहरण या ठिकाणी आठवते. ते शास्त्रज्ञ, गंध कसा जाणवतो या विषयावरच्या त्यांच्या उपपत्तीने मोठा वाद उठवला. १९९२ साली त्यांनी फ्रेंच भाषेत सुगंधांचे एक परीक्षणात्मक पुस्तक लिहिले, आणि २००८ साली टानिया सान्चेझ यांच्याबरोबर इंग्रजीत एक जाडजूड मार्गदर्शिका काढली. तीत हजाराहून अधिक सुगंधांना एक ते पाच तारे देऊन त्यांनी कुणाला डोक्यावर घेतले, तर कुणाची सालटी काढली. मधल्या काळात ते फ्लेक्सिट्रल नावाच्या कंपनीत काम करीत होते. ही कंपनी सुगंधी रेणू तयार करी. आणि असे रेणू विकत घेणार कोण? सुगंध रचणारेच! ही गोष्ट काही गुप्त नव्हती, आणि त्यांनी कुणाला झुकते माप दिले असे म्हणायला माझ्यापाशी काडीचाही आधार नाही; उलट बड्या बड्या नावांना त्यांनी जी फटकेबाजी केली, ती भिडस्त माणसाला जमणारी नव्हे. तरीही प्रश्न उरतोच. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यावी म्हणून तो उरत नाही. ज्या खुर्चीवर बसून ते लिहीत होते, त्या खुर्चीबद्दल तो आहे.

मग सरळ असे म्हणावे का, की परीक्षक अत्तर न बनवणाराच हवा? तेही करून पाहिले गेले आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २००६ साली चँडलर बर या पत्रकाराला सुगंधांचा समीक्षक नेमले. पण बाहेरच्या माणसाचे हातही अगदी मोकळे नसतात. सुगंधांच्या गुळगुळीत जाहिरातींवर कितीतरी मासिकांचे पोट चालते, कंपन्यांकडून समीक्षकांना फुकट बाटल्या येतात, समारंभांची आमंत्रणे येतात. हितसंबंध नसलेला माणूस शोधायला निघालो, तर ज्याला वासच येत नाही अशा माणसाशी येऊन थांबावे लागेल!

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. माझे संस्कृत मॅट्रिकपुरतेच. पण राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'चा चौथा अध्याय भाषांतराचे बोट धरून वाचण्यासारखा आहे. गंमत अशी, की हा पंडित दहाव्या शतकाच्या सुमारास प्रतिहार राजांच्या दरबारी ज्या नगरीत वावरला, ती नगरी म्हणजे आजचे अत्तरांचे कनौजच. निर्माण करणारी प्रतिभा एक आणि आस्वाद घेणारी दुसरी, असे तो सांगतो. या दोन्ही एकाच माणसाच्या ठायी असतात की नाही, यावर तो मते मांडतो, आणि त्यांपैकी एक मत कालिदासाच्या नावावर देतो: सोने ज्या दगडातून निघते तो दगड वेगळा, आणि ज्याच्यावर सोने पारखतात तो दगड वेगळा.

राजशेखराने रसिकांचे चार प्रकारही सांगितले आहेत. एकाला काहीच रुचत नाही. दुसरा गवतासकट सगळेच गिळतो. तिसरा मत्सरी, आणि चौथा तत्त्वाचा शोध घेणारा. हा चौथा हजारात एखादाच. यातला तिसरा मला फार ओळखीचा वाटतो. राजशेखराचा मत्सरी शिव्या देणारा नाही. दुसऱ्याचे गुण त्याला चांगले दिसतात. पण तो त्यांच्याविषयी गप्प बसतो. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने किती अचूक नाडी पकडली आहे! समव्यावसायिकाचा पक्षपात त्याच्या शब्दांपेक्षा मौनात अधिक असतो. 'मी फक्त आवडलेल्या अत्तरांविषयीच लिहितो' असे म्हणणारा अत्तरवाला सज्जन दिसतो खरा. पण कुणाविषयी तो कधीच लिहीत नाही, याची यादी कुठे छापली जाते? शिवाय नुसत्या स्तुतीचीही देवघेव होते. उंटाच्या लग्नात गाढव गायला गेले आणि एकाने दुसऱ्याचे रूप, दुसऱ्याने पहिल्याचा आवाज वाखाणला. ती गोष्ट काही केवळ उंट-गाढवांची नाही. आम्हां कादंबरीकारांनाही एकमेकांची पुस्तके परीक्षणासाठी येतातच.

आणि कालिदासाचे नाव निघालेच आहे, तर 'मालविकाग्निमित्र' आठवून पाहा. दोन नाट्याचार्य भांडत राजाकडे येतात, की आमच्यात श्रेष्ठ कोण ते ठरवा. राजा शहाणा. गणदासाचा ओढा राणीकडे आणि हरदत्ताचा आपल्याकडे, हे तो जाणतो. आपण निवाडा दिला तर राणीला पक्षपात वाटेल म्हणून तो बाजूला सरतो आणि परिव्राजिका कौशिकीला मध्यस्थ नेमतो. संन्यासिनी, विदुषी, हिचा यात काय स्वार्थ असणार? पण नाटकाच्या शेवटी उलगडते, की ही परिव्राजिका म्हणजे मालविकेच्याच माणसांपैकी, वेष पालटून राहिलेली. ज्या मालविकेचे नृत्य तिने निर्दोष ठरवले, तिच्या भाग्याशी तिचे स्वतःचे नशीब बांधलेले होते! मालविका खरोखरच सुंदर नाचली, याबद्दल वाद नाही. निवाडा खरा असेलही. तरी सारे कळल्यावर त्या निवाड्याची चव बदलते. मला या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. उघड हितसंबंध असलेला राजा दूर झाला, हे योग्यच झाले; पण त्याच्या जागी निरपेक्ष दिसणारे माणूस आले, ते निरपेक्ष नव्हते. भगव्या वस्त्रालाही घराचा वास असतो.

शाळामास्तराच्या अनुभवाकडे वळायचे, तर हा प्रश्न आमच्या खात्याला रोजचा आहे. आपल्याच मुलांना आपण गुण द्यावेत का? आपल्याकडे दहावीला काही विषयांत वीस गुणांचे मूल्यमापन शाळेच्या हाती असते. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले हे शाळेकडचे गुण काढून घेतले, आणि २०१९ साली निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ते गुण परत दिले, आणि २०२० साली तो ९५.३० टक्क्यांवर गेला. इतरही कारणे होती. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता, आणि २०२० साली साथीमुळे एक पेपरच रद्द झाला होता. तरी या आकड्यांत काहीतरी आहेच. महाराष्ट्रातले मास्तर लबाड आहेत, असा त्याचा अर्थ नव्हे. वर्षभर ज्या पोराचा चेहरा पाहिला, ज्याच्या बापाची नोकरी गेलेली ठाऊक आहे, त्याच्या वहीपुढे हात सैल सुटतो. आपलेपणाचा तो वास आम्हांला येत नाही. बाहेरच्या परीक्षकाला येतो. म्हणूनच मोठ्या परीक्षेत उत्तरपत्रिका दुसऱ्याकडे जाते, आणि तिच्यावर मुलाचे नाव नसते.

नाव झाकण्याचा हा उपाय चवीच्या एका प्रसिद्ध परीक्षेतही वापरला गेला होता. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या मद्यविक्रेत्याने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमद्यांची स्पर्धा ठेवली. परीक्षक फ्रेंच, त्यांत स्वतः द्राक्षमळ्यांचे धनीही होते. म्हणजे हितसंबंध उघड उघड आडवा आलेला. पण बाटल्या झाकलेल्या होत्या. लाल आणि पांढऱ्या, दोन्ही प्रकारांत त्याच परीक्षकांनी पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला दिला! माणसे तीच, जिभा त्याच. फक्त नाव झाकले, आणि घराचा अभिमान बाहेर राहिला.

अत्तराला मात्र हा उपाय अपुरा पडतो. सराईत सुगंधकाराला बाटली झाकली तरी पुष्कळदा हात ओळखू येतो. आम्हां मास्तरांना अक्षरावरून पोर ओळखू येते तसाच.

मग उरतो सर्वांचा आवडता उपाय. आपला हितसंबंध आधीच सांगून टाकावा, म्हणजे गंगेत घोडे न्हाले. पण हेही इतके सोपे नाही. २००५ साली डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाण्यांनी भरलेली बरणी. एकाने दुरून पाहून तिच्यातली रक्कम ओळखायची, आणि जवळून पाहिलेल्या दुसऱ्याने त्याला सल्ला द्यायचा. काही सल्लागारांचा फायदा यात होता, की ऐकणाऱ्याने अंदाज फुगवून सांगावा. तो फायदा उघड केला तेव्हा काय झाले? सल्लागार अधिक सावध होण्याऐवजी अधिकच फुगवून सांगू लागले, आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून पुरेशी वजावट केली नाही. 'मी सांगून मोकळा झालो. आता तुमचे तुम्ही पाहा', अशी मनाची ठेवण होऊन बसते. कबुली ही परवान्यासारखी वापरली जाते.

म्हणून मला वाटते, अत्तरवाल्याने दुसऱ्याच्या अत्तराविषयी जरूर लिहावे. पण शिकवावे अधिक आणि निवाडे कमी द्यावेत. हा गंध कसा उलगडतो, यातले चंदन खरे की नाही, तीन तासांनी काय उरते, हे ज्ञान त्याच्यावाचून कोण देणार? ते ताडून पाहता येते. चुकले तर दुसरा अत्तरवाला दाखवून देऊ शकतो. पण तारे आणि क्रमांक यांपासून त्याने लांब राहावे, आणि ज्याची बाटली त्याच्या बाटलीशेजारी त्याच फळीवर विकली जाते, त्याच्या बाबतीत तर अवश्य. राजाने केले तेच करावे: बाजूला सरावे. आणि जिथे सांगायचे तिथे मोघम सांगू नये. 'मी या व्यवसायात आहे' हे सांगणे म्हणजे 'मला घर आहे' असे सांगण्यासारखे आहे. 'यांना चंदनाचे तेल मी विकतो' किंवा 'माझा गुलाब यांच्या गुलाबाशी स्पर्धा करतो' असे नेमके सांगावे. जी घरे आपण मुद्दाम टाळली, त्यांचीही नावे द्यावीत.

आणि या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट एकच वाटते. आपला वास आपल्याला येत नाही, हे एकदा पटले, की तो हुंगण्याचे काम दुसऱ्याच्या नाकावर सोपवणे भाग आहे. ज्याला इतरांच्या कुप्या उघडायच्या आहेत, त्याने आपली कुपी आधी परक्यांपुढे ठेवावी, आणि ते जे म्हणतील ते आपल्या परीक्षणाइतक्याच ठळक अक्षरांत छापू द्यावे. मग ते परके नाक चुकले तरी चालेल. ज्याने असे एकदा सोसले आहे, त्याची लेखणी दुसऱ्याचा मोगरा तोलताना आपोआप जरा हलक्या हाताने चालते.

आम्हां वाचकांचेही एक कर्तव्य आहे. एकाच नाकावर विसंबू नये. लग्नाआधी मुलाच्या घरची चौकशी आपल्या आया एकाच शेजारणीकडे कधी करीत नसत. दोघी-तिघींकडे करीत, आणि कोणत्या शेजारणीचे त्या घराशी भांडण आहे हेही विचारून घेत. भांडण असलेल्या शेजारणीचे बोलणे त्या टाकून देत नसत. तिचे ऐकत, आणि त्यातून भांडणापुरती वजावट करीत. ही वजावट करता येणे, याचेच नाव विवेक.

हितसंबंध नसलेला माणूस जगात नाही, याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. ज्याला घर आहे, धंदा आहे, माणसे आहेत, त्याला वास असणारच. त्याने नाकाला रुमाल लावून दुसऱ्याच्या दारात उभे राहू नये, एवढेच. आपले दार सताड उघडे टाकावे, पाहुण्याला आत बोलवावे, आणि त्याने तोंड जरासे वाकडे केले तर रागावू नये. आपल्याला जे कधीच कळले नसते, ते तो सांगत असतो.